एक इकामा, एक मत

आमच्या बिल्डिंगमध्ये चार फ्लॅट आहेत, आणि चार फ्लॅटांच्या चार मतांपैकी दोन मतं एकट्या डॉक्टरकाकांची होती. हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण कोणी मोजलंच नव्हतं. मी मोजलं. त्याचं श्रेय मी सफूरा मिसना आणि इंग्लंडच्या पार्लमेंटला देते.

डिसेंबरात सफूरा मिसनी दहावीच्या वर्गात प्रत्येकीला इतिहासातला एक विषय बोलायला दिला होता. माझ्या वाट्याला ब्रिटनमधल्या मतदानाच्या सुधारणा आल्या. १८३२, १८६७, १८८४, १९१८, १९२८. मैत्रिणी म्हणाल्या, मेलीस तू. कारण तोवर मी वर्गात हजेरीपलीकडे तोंड उघडलेलं नव्हतं. दापोलीच्या मराठी शाळेतून सातवीनंतर उचलून रियाधच्या इंग्रजी शाळेत टाकलेली मुलगी काय बोलणार? पण त्या विषयात एक गाव निघालं, डनविच. ते अर्धंअधिक समुद्रात वाहून गेलं होतं, तरी पार्लमेंटात त्याचे दोन सभासद बसायचे. मी कोकणातली. समुद्राने खाल्लेलं गाव म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागत नाही. मी त्या गावापासून सुरुवात केली आणि वीस मिनिटं थांबलेच नाही. मिस म्हणाल्या, "आवाज आहे तुझ्याकडे. आता वापरायला शीक."

मी शिकले. घरचे म्हणतात, जरा जास्तच शिकले.

आता बिल्डिंगचं सांगते. तळमजल्यावर एक नंबरात डॉक्टर चंद्रशेखर आणि नंदाकाकू. काका दातांचे डॉक्टर. युद्ध सुरू झाल्यावर त्यांचा दवाखाना बंद पडला, कारण डोक्यावर मिसाईल येत असताना दात दाखवायला कोण जातो? दोन नंबर रिकामा. तिथले नाशिकचे लोक ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतल्याची बातमी आली त्याच आठवड्यात देशात, म्हणजे भारतात, निघून गेले. वर तीन नंबरात आम्ही. माझे अब्बा रहमतुल्ला शहरातल्या सुलै भागात एका गोदामात स्टोअरकीपर आहेत, अम्मी शरफुन्निसा घर बघते. आमच्या समोर चार नंबरात अलकाताई, दत्ताकाका आणि त्यांची सात वर्षांची सानिका. अलकाताई सरकारी हॉस्पिटलात नर्स आहेत. दत्ताकाका सांगलीला गणिताचे मास्तर होते. इथे त्यांना नोकरी करायची परवानगी नाही, म्हणून ते घरचा स्वयंपाक करतात आणि मला गणित शिकवतात. माझ्या वहीत लाल शाईने सगळ्यात जास्त वेळा लिहिलेले दोन शब्द म्हणजे 'पुन्हा कर'.

आणि मागच्या अंगणात वॉचमनच्या खोलीत हारूनचाचा. आधी तिथे एक येमेनी वॉचमन होता. ऑक्टोबरात येमेनी लोकांना देश सोडावा लागला तेव्हा तोही गेला, आणि पाण्याचा पंप कोणी चालवायचा, गेट कोणी लावायचं यावरून भांडणं लागली. त्यावर डॉक्टरकाकांनी कमिटी काढली. एक जाड रजिस्टर आणलं आणि सुवाच्य अक्षरात नियम लिहिले. पहिला नियम, 'एक घर, एक मत'. तिसरा नियम, 'ज्याने पंप सुरू केला त्यानेच तो बंद करावा'. हा तिसरा नियम लक्षात ठेवा.

सतरा जानेवारीला युद्ध सुरू झालं. शाळा बंद. खिडक्यांना टेप, दाराखाली ओले टॉवेल. वीस तारखेपासून रियाधवर इराकचे स्कड, म्हणजे मिसाईल, यायला लागले. पुढच्या गुरुवारी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर डॉक्टरकाकांच्या हॉलमध्ये कमिटी बसली. हॉलमध्ये पुरुष, आतल्या खोलीत अम्मी आणि नंदाकाकू, आणि दोन्हींच्या मधे चहाचा ट्रे घेऊन मी.

विषय असा होता. हारूनचाचा ज्या कंपनीत ड्रायव्हर आहेत तिथल्या कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सौदी मालकाने, एक छोटी बस देऊ केली होती. शुक्रवारी, एक फेब्रुवारीला, जेद्दाला जायला. तिकडे मिसाईल पोचत नव्हती. पण त्याची अट होती की जायचं तर सगळ्या बिल्डिंगने जायचं. अर्धी रिकामी बस तो सोडणार नाही, दुसऱ्या बिल्डिंगवाल्यांना देईल. आणि आमच्या घरमालकाने आधीच सांगून ठेवलं होतं की वॉचमन नाही, तेव्हा सगळे गेलात तर मी गेटला कुलूप लावणार.

मला जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते. जेद्दाला अम्मीची मावसबहीण राहते आणि तिच्या घरापासून समुद्र दहा मिनिटांवर आहे. मी अडीच वर्षांत समुद्र बघितला नव्हता.

"चला, मतं घेऊ," डॉक्टरकाका पेनचं टोपण काढत म्हणाले. "मी, जायचं. दोन नंबर, जायचं. दत्तोपंत?"

"जायचं," दत्ताकाका म्हणाले.

"रहमतभाई?"

"राहायचं," अब्बा म्हणाले. "गोदामाच्या किल्ल्या माझ्या खिशात आहेत. कफील तायफला जाऊन बसलाय. मी पण गेलो तर माल कोण सांभाळणार? तांदळाला काय सायरन कळतो?"

"तीन विरुद्ध एक. ठरलं."

खरं म्हणजे मी गप्प बसायला हवं होतं. मला हवं तेच ठरलं होतं. पण माझ्या डोक्यात घंटा वाजली.

"काका, दोन नंबर म्हणजे कोण?"

"दोन नंबर म्हणजे फ्लॅट नंबर दोन."

"ते लोक तर नाशिकला आहेत."

"किल्ली माझ्याकडे आहे ना. किल्लीबरोबर जबाबदारी आली, जबाबदारीबरोबर मत आलं."

"म्हणजे डनविच," मी म्हटलं, आणि ट्रे टीपॉयवर ठेवून त्यांना डनविच सांगितलं. समुद्रात बुडालेली घरं, त्या घरांची मतं, ती मतं खिशात घालून फिरणारा जमीनदार, आणि १८३२ साली ते सगळं कसं बंद झालं ते. दत्ताकाका हसायला लागले. डॉक्टरकाका हसले नाहीत, पण त्यांचं एक चांगलं आहे, नियमाचा माणूस आहे. ते म्हणाले, "अं. मुद्दा आहे." आणि दोन नंबरवर काट मारली.

मी थांबायला हवं होतं. नाही थांबले. हारूनचाचा दाराला टेकून उभे होते. ते कमिटीच्या बैठकीत कधी खुर्चीवर बसत नसत.

"आणि बस कोण चालवणार? हारूनचाचा. साडेनऊशे किलोमीटर. त्यांचं मत कुठाय?"

"हारून बॅचलर आहे," डॉक्टरकाका म्हणाले.

हारूनचाचांना मंडणगडला बायको आणि तीन मुली आहेत. थोरली माझ्याहून मोठी आहे. पण इथे ज्याची बायको देशात तो बॅचलर आणि ज्याची बायको इथे तो फॅमिली. बॅचलरला फॅमिली बिल्डिंगमध्ये घर मिळत नाही, बागेत शिरताना फाटकावर अडवतात, आणि आमच्या कमिटीत मत नव्हतं, कारण वॉचमनची खोली म्हणजे घर नव्हे.

"लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना १८६७ मध्ये मत मिळालं," मी म्हटलं. "आपण १९९१ मध्ये आहोत."

"रहमतभाई, तुमची मुलगी वकील होणार."

"आधी दहावी होऊ दे," अब्बा म्हणाले. पण त्यांच्या मिशा हलल्या.

डॉक्टरकाकांनी पहिला नियम खोडला. खोडतानासुद्धा पट्टी वापरली. मग बराच विचार करून लिहिलं, 'एक इकामा, एक मत. इकामावाला जातीने हजर असावा'. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, एक छोटी वही. ती खिशात नसेल तर पोलीस उचलतात. ज्याच्याकडे स्वतःचा इकामा तो माणूस, अशी आमच्याकडची सरळ व्याख्या आहे.

"बोल हारून. तुझं काय?"

"मला विचारताय?" हारूनचाचा सरळ उभे राहिले. "राहायचं."

माझ्या हाताचा धक्का लागून ट्रे पडायचाच बाकी होता. मला वाटलं होतं, लांबचं ड्रायव्हिंग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ते नाही कशाला म्हणतील?

"अलका सिस्टरला रोज ड्युटीवर मी सोडतो," ते म्हणाले. "तिला सुट्टी नाही. मी बस घेऊन गेलो तर ती काय चालत जाणार?"

हॉस्पिटलने सगळ्यांच्या रजा बंद केल्या होत्या. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

"तिची नर्सेसच्या हॉस्टेलमध्ये सोय होते," दत्ताकाका चहाच्या कपात बघत म्हणाले. "तिथे लहान मुलं चालत नाहीत. सानिका माझ्याबरोबर येईल. मी बोललोय अलकाशी. तिला चालेल."

दोनास दोन. डॉक्टरकाका म्हणाले, अध्यक्षाला जादा मत असतं. मी म्हटलं, तसं रजिस्टरमध्ये नाही. त्यांनी रजिस्टर वाचलं आणि म्हणाले, मंगळवारी पुन्हा बसू.

घरी आल्यावर अम्मी म्हणाली, "स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा पाडलास गो. जात होतीस ना समुद्रावर?"

मला ते माहीत होतं.

सोमवारी दुपारी अम्मीने मला समोरच्या घरी पाठवलं, त्यांचा डबा परत करायला. दत्ताकाका खाली पंपावर होते. अलकाताई ड्युटीला जायची तयारी करत होत्या, पांढरा युनिफॉर्म घालून, आणि तयारी करता करता सानिकाची बॅग भरत होत्या. स्वेटर, पाटी, खोकल्याचं औषध. बाटलीवर त्यांनी चिकटपट्टी लावून लिहिलं होतं, 'रात्री एक चमचा, बाबा'.

"ताई, एवढ्यात बॅग?"

"शुक्रवारी निघायचंय ना? माझ्या ड्युट्या आहेत, परत वेळ मिळणार नाही."

"पण अजून ठरलं कुठे?"

"ठरलंय की. बिल्डिंगने ठरवलंय. हे म्हणाले." त्यांनी स्वेटरची घडी मोडून परत घातली. "बिल्डिंगच जाणार म्हटल्यावर मी एकटी काय करणार? कुलूप लावणारेत. हॉस्टेलमध्ये पोर नेता येत नाही."

"दोन-दोन झालंय. उद्या पुन्हा मतं आहेत."

"कोणाची मतं?"

मी बोटांवर मोजून सांगितली. "डॉक्टरकाका, अब्बा, हारूनचाचा आणि तुमच्याकडून दत्ताकाका."

सानिका जमिनीवर बसून रिकाम्या सलाईनच्या खोक्यात बाहुली झोपवत होती. मग अलकाताई म्हणाल्या, "त्यांना दोष नको देऊस. सायरन झाला की ते हिला छातीशी धरून बसतात आणि हिच्यापेक्षा तेच जास्त थरथरतात. मी ड्युटीवर असते. मी काही घरी नसते."

तेवढ्यात पर्स सरळ करताना त्यांनी इकामा बाहेर काढून टेबलावर ठेवला. तपकिरी वही. आमची, मुसलमानांची, हिरवी असते. त्यांनी ती उघडून नेहमीसारखी तारीख बघितली आणि मला पहिल्या पानावर फोटो दिसला. अलकाताईंचा. पान उलटलं तर आत, जिथे आमच्या इकाम्यात अम्मीचा आणि माझा फोटो आहे तिथे, दत्ताकाकांचा आणि सानिकाचा.

"ताई," मी म्हटलं, "दत्ताकाका तुमच्या इकाम्यावर आहेत?"

"मग? व्हिसा माझा आहे. ते माझ्याबरोबर म्हणून आलेत."

म्हणजे आमच्या कमिटीत ऑक्टोबरपासून सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. घरात पुरुष आहे म्हणजे इकामा त्याचाच. मी स्वतःसुद्धा. अडीच वर्षं समोरासमोर राहून, त्यांना नोकरीची परवानगी नाही हे माहीत असून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

मी काहीच न बोलता बाहेर आले आणि जिन्यावर बसले. हिशोब सोपा होता. गप्प बसले तर उद्या काय होईल ते सांगता येत नव्हतं. डॉक्टरकाका अब्बांची समजूत घालत होतेच, कदाचित जेद्दा झालं असतं. बोलले तर अलकाताईंचं मत 'राहायचं' पडणार, तीन विरुद्ध एक, आणि समुद्र खलास. मी तिथे बराच वेळ बसले. मला सफूरा मिसनी सांगितलेली मँचेस्टरची एक दुकानवाली आठवली. १८६७ मध्ये तिचं नाव चुकून मतदारांच्या यादीत आलं. भाडं भरत होती, घरपट्टी भरत होती, कारकुनाने यादीत ओढली. तिला कोणीतरी जाऊन सांगितलं, अगं, तुझं नाव आहे. ती गेली आणि मत देऊन आली. वर्गात सांगताना मी तिच्याबद्दल दोन वाक्यं बोलले होते. जिन्यावर बसून मला वाटलं, त्या जाऊन सांगणाऱ्या माणसाबद्दलही एक वाक्य बोलायला हवं होतं.

मी परत बेल वाजवली.

मंगळवारी अलकाताई युनिफॉर्मवर काळा पायघोळ अबाया घालून बैठकीला आल्या आणि सरळ हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या. पाच वाजता त्यांची ड्युटी होती.

"नंदा आत आहे," डॉक्टरकाका म्हणाले.

"मी मत द्यायला आलेय," त्या म्हणाल्या आणि इकामा उघडून टीपॉयवर ठेवला.

डॉक्टरकाकांनी चष्मा लावून पहिलं पान बघितलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. अब्बांनी मान लांब करून बघितलं. हारूनचाचा या वेळी खुर्चीवर बसले होते. ते अर्धवट उठले आणि परत बसले.

"दत्तोपंत, हे काय?"

"बरोबर आहे," दत्ताकाका म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज गणित सांगतात तसाच होता. "मी तिच्या इकाम्यावर आहे. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

डॉक्टरकाका रजिस्टरकडे वळले. मला वाटलं, हरले. पण ते म्हणाले, "नियमात मी 'इकामावाला' लिहिलंय. 'इकामावाली' नाही."

"वाह," अब्बा म्हणाले.

"व्याकरण आहे, रहमतभाई. शब्द म्हणजे शब्द."

मी आतल्या दारात उभी होते. आता माझी पाळी होती आणि मला ते आधीच ठाऊक होतं, कारण हाच वाद इंग्लंडच्या कोर्टात होऊन गेलाय. तिथे कर भरायचा असेल, दंड भरायचा असेल, तर कायद्यातल्या 'पुरुष' शब्दात बाई धरायचे. मत द्यायचं असेल तर धरायचे नाहीत.

"काका, तिसरा नियम वाचा ना."

"'ज्याने पंप सुरू केला त्यानेच तो बंद करावा.'"

"ज्याने. त्याने. मग नंदाकाकू पंप सुरू ठेवून विसरतात आणि टाकी वाहते, तेव्हा तुम्ही त्यांना का बोलता? त्यांना तो नियम लागू नाही."

आतून नंदाकाकूंचा आवाज आला, "मी तर म्हणते, कायम लागू नको."

हारूनचाचा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. डॉक्टरकाकांनी पेन खाली ठेवलं. "अं," ते म्हणाले. "मुद्दा आहे." आणि पट्टी न वापरता 'इकामावाला'च्या पुढे लिहिलं, 'अथवा इकामावाली'.

तेवढ्यावर संपलं असतं. पण आतल्या खोलीतून अम्मी बोलली. माझी अम्मी, जी बैठकीत कधी खोकलीसुद्धा नव्हती.

"मग आमचं काय? आमची नावं पण इकाम्यात आहेत. फोटो लावलेत, शिक्का मारलाय. ते काय शोभेला?"

मी अब्बांकडे बघितलं, अब्बा छताकडे बघत होते.

डॉक्टरकाकांनी या वेळी 'मुद्दा आहे' म्हणायला फार वेळ लावला नाही, आणि का ते मला लगेच कळलं. त्यांनी मनात बेरीज केली होती. ते स्वतः जायचं, नंदाकाकू जायचं, दत्ताकाकांचं गेलेलं मत परत येणार, तेही जायचं. तीन. अब्बा, हारूनचाचा, अलकाताई राहायचं. तीन. आणि अम्मी? अम्मीची बहीण जेद्दाला. चार. १८६७ मध्ये पण काहींनी मतं अशीच वाटली होती, आपल्यालाच मिळतील म्हणून. मीही तीच बेरीज केली. आणि खरं सांगते, माझ्या मनात समुद्र परत आला. जे योग्य ते मी केलं होतं, आता वरून जेद्दाही मिळणार होतं.

"एक सूचना," डॉक्टरकाका म्हणाले. "बायकांना मत, पण तीस वर्षांवरच्या. इंग्लंडातही तसंच होतं. काय फरहाना? १९१८?"

त्यांनी माझ्याकडून शिकून माझ्यावरच टाकलं होतं.

"हो, पण..."

"मी एकोणतीस पूर्ण," नंदाकाकू दारात येऊन म्हणाल्या. "पंपाला चालते, मताला नाही?"

डॉक्टरकाकांनी बायकोकडे बघितलं. त्यांच्या बेरजेतलं एक मत जात होतं. "तीस खोडतो," ते म्हणाले. म्हणजे इंग्लंडला जे करायला दहा वर्षं लागली ते आमच्याकडे अर्ध्या मिनिटात झालं. नियमाचं शेवटचं रूप असं, 'इकाम्यात ज्याचे अथवा जिचे नाव, त्यास अथवा तीस एक मत'.

"माझं पण नाव आहे इकाम्यात," मी म्हटलं.

"तू पंधराची. सानिकाचं पण आहे. तिलाही देऊ?"

"मला हवं," सानिका आतून ओरडली.

'वय वर्षे अठरा पूर्ण' असं डॉक्टरकाकांनी खाली जोडलं आणि रजिस्टर मिटलं. दत्ताकाका म्हणाले, "चला, म्हणजे मी बायकांच्या कोट्यातून आलो." ते हसत म्हणाले आणि अलकाताईही थोड्या हसल्या. त्या दोघांनी तोपर्यंत एकमेकांकडे बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, हात वर करून मत नको. नवऱ्यासमोर बायको आणि बायकोसमोर नवरा कसे हात वर करणार? चिठ्ठ्या. १८७२ पासून तिकडे तसंच आहे. ते सगळ्यांना पटलं, काहींना जरा जास्तच पटलं. अम्मीच्या डाळीच्या डब्याला भोक पाडायला मी सुरी घेतली तर अम्मीने ती हातातून काढली, म्हणून मग झाकण उघडं ठेवून वर फडकं टाकलं. सात जणांनी एकेक करून आतल्या खोलीत जाऊन लिहिलं. मत नसलेलं मोठं माणूस मी एकटीच, तेव्हा मोजणीचं काम माझ्याकडे आलं.

पहिली चिठ्ठी, जायचं. टाईपसारखं अक्षर, ते कोणाचं ते सांगायची गरज नाही. दुसरी, राहायचं. तिसरी, राहायचं. चौथी उलगडली तर उर्दूत. या बिल्डिंगमध्ये मत उर्दूत लिहील असं एकच माणूस आहे. मी वाचलं, आणि पुन्हा वाचलं, कारण मला वाटलं मीच चुकतेय. राहायचं.

मी दाराकडे बघितलं. अम्मी तिथे उभी राहून कप गोळा करत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

पाचवी, जायचं. सहावी, राहायचं.

सातव्या चिठ्ठीवर फक्त 'राहायचं' एवढंच लिहिलं होतं, शाई लाल. नाव मी सांगणार नाही, १८७२ चा नियम मीच आणलाय. एवढंच सांगते की ते अक्षर मी अडीच वर्षं गणिताच्या वहीत बघत आलेय.

"जायचं दोन," मी म्हटलं. "राहायचं पाच."

"पाच?" डॉक्टरकाका म्हणाले. त्यांनी बोटांवर मोजलं, मग बायकोकडे बघितलं. नंदाकाकू म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? गुप्त आहे." पण काकूंचं मत, मला वाटतं, काकांच्याच बाजूला होतं. बेरीज दुसरीकडे चुकली होती.

डॉक्टरकाकांनी आकडा लिहिला, खाली सही केली, आणि हारूनचाचांना म्हणाले, "कफीलला सांग, बस दुसऱ्यांना दे." मग उगीच जरा वेळ पेनचं टोपण लावत बसले. त्यांना भीती वाटत होती. मलाही वाटत होती. राहायचं ठरलं म्हणून स्कड काही यायचे थांबणार नव्हते.

अलकाताई उठल्या. पाच वाजत आले होते. "सानू, बॅगेतलं सामान परत कपाटात ठेव," त्या म्हणाल्या. "औषध वरच्या खणात. बाबांना दाखवून ठेव." हारूनचाचा गाडी काढायला गेले. दत्ताकाका त्यांच्यामागून गेटपर्यंत गेले. ते रोज जात नसत.

मी सगळ्या चिठ्ठ्या बारीक फाडून नंदाकाकूंच्या शेगडीत टाकल्या.

घरी आल्यावर मी अम्मीला धरलं. "तुला जायचं होतं ना? मावशीकडे?"

"कोणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना कसं माहीत? मला कोणी विचारलं होतं?" ती डाळ परत डब्यात भरत होती. "तुझी मावशी बोलायला लागली की मिसाईल बरं. आणि ती पोर आईवाचून कशी झोपली असती? तू तरी विचारायचंस. एवढा इंग्लंडचा इतिहास सांगितलास, घरात विचारलंस का एकदा?"

यावर मी काही बोलले नाही. हे माझ्या बाबतीत हल्ली क्वचित होतं, म्हणून नोंद करून ठेवते.

शुक्रवारी सकाळी बस समोरच्या गल्लीतली माणसं घेऊन गेली. गच्चीवरून मला तिचं छप्पर दिसलं, वर गाद्या बांधलेल्या होत्या. मी थोडी रडले. मग खाली येऊन गणिताला बसले, कारण शाळा बंद असली तरी मार्चातली परीक्षा काही कोणी रद्द केलेली नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी सायरन झाला. आम्ही सगळे डॉक्टरकाकांच्या टेप लावलेल्या खोलीत, गुडघ्याला गुडघा लावून. अलकाताई त्या दिवशी घरी होत्या. सानिका त्यांच्या मांडीवर, आणि दत्ताकाकांचा हात सानिकाच्या डोक्यावर. तो त्यांनी एकदाही काढला नाही. लांब कुठेतरी दोन आवाज झाले. काचा वाजल्या, फुटल्या नाहीत.

"राहायचं म्हणून मत कोणी दिलं होतं?" डॉक्टरकाकांनी अंधारात विचारलं.

मग हारूनचाचा म्हणाले, "मी नाही दिलं."

"मी पण नाही," अब्बा म्हणाले.

"मी तर नाहीच," अम्मी म्हणाली.

सानिका म्हणाली, "मी दिलं असतं, पण मला दिलंच नाही," आणि सगळे हसले, दत्ताकाकासुद्धा. धोका टळल्याचा ऑल क्लिअरचा भोंगा व्हायला अजून वीस मिनिटं होती. डॉक्टरकाका म्हणाले, टाकी भरत आली असेल, पंप कोणी सुरू केलाय? नंदाकाकू म्हणाल्या, अगं बाई.